नळाचं चित्र

डेमोवाला आला त्या दिवशी सोसायटीत पाणी नव्हतं.
त्यानं सगळं तोंडीच सांगितलं:
मीठ इथं, साबण तिथं,
तांब्या-पितळेचं काही घालू नका,
थोडं खरकटं राहिलं तरी चालतं.
शैलजा मान हलवत होती
आणि तो लिफ्टमध्ये शिरताच म्हणाली,
खरकटं कसं चालेल?

म्हणून तिनं सगळी भांडी आधी विसळली,
प्लॅस्टरमधला हात वर धरून, डाव्या हातानं.
मग मी बटण दाबलं.
हिरवा दिवा. थोडी घरघर.
आणि मग काहीच नाही,
नुसतं एक नळाचं चित्र लुकलुकत राहिलं.

मी सातपूरला एकतीस वर्षं मेंटेनन्सला होतो.
आवाजावरून बेअरिंग सांगायचो.
पोरं म्हणायची, तिडकेसाहेब मशीनची नाडी बघतात.
तेव्हा शर्ट काढला, लेव्हल आणली,
पुढचे पाय अर्धा आटा वर घेतले.
जाळी काढली, कोरी करकरीत.
फवाऱ्याची भोकं टाचणीनं तपासली.
मागचा पाइप कुठं मुडपलाय का म्हणून
ओट्याच्या सापटीत टॉर्च मारला
तर तिथं गॅसचा लायटर पडलेला.
ज्याबद्दल आम्ही कौतिकाबाईला
विचारलं होतं.
तीनदा.

कंपनीच्या फोनवर एक दाबा, चार दाबा,
मग बासरी.
शैलजानं मला न विचारता
दुसऱ्या फोनवरून गिरणारे गाठलं.
कौतिकाबाई टोमॅटोच्या खुडणीला होती, मागं क्रेट आपटत होते.
"भाऊ, सिंकखाली बादलीमागं तोटी हाये,
फडकं बांधेल. टिपकायची ना,
मंग मीच आवळून ठिवली व्हती दिवाळीच्या आधी.
डावीकडं फिरवा."

मी सिंकखाली डोकं घातलं.
घर घेतल्यापासून त्या खणात पहिल्यांदाच.
फडकं माझ्याच कंपनीच्या शर्टाचं निघालं,
खिशासकट.
गाठ सुटेना. दातांनी सोडली.

पाणी आलं.
आधी कुणी दबकत चालल्यासारखं,
मग एकदम सगळीकडून.
आम्ही दोघं समोर स्टुलावर बसलो.
दार बंद, आतलं काही दिसत नव्हतं,
तरी बघत बसलो
दोन तास बावीस मिनिटं.

दार उघडलं तशी वाफेनं चष्मा गेला.
पुसून पाहिलं तर नावं.
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली, साबण साचून बुजलेली,
आता स्पष्ट वाचता येत होती.
चि. सौ. कां. शैलजा हिस आत्याकडून.
वास्तुशांत, १९९४.
भांडीबाजारातल्या कोरणाऱ्याची वेलांटी राहिली होती,
तीस वर्षं आम्ही तडक्यांच्या ताटांत जेवलो
हे आज कळलं.
शैलजा हसता हसता थांबली.
तिच्या हातात एक वाटी होती,
वेगळ्या घाटाची, काठ जरासा चेपलेला.

कौतिका पुंजा गांगुर्डे.

ही कधीची?
तिच्या पोरीच्या साखरपुड्याची बुंदी आली होती, त्यातली?
की नातवाच्या बारशाची खीर?
भांडं रिकामं परत देऊ नये म्हणतात.
काहीतरी भरू, मग देऊ,
असं म्हणत फळीवर राहिली असेल
आणि हळूहळू आमचीच झाली.
रोज तीच घासायची.
तिचं तिला वाचता येत होतं,
गॅसबुकावर सही करायची ती.
एकदाही बोलली नाही.

लायटर माझ्या खिशात आहे.
शैलजा विचारतेय, काय भरायचं?
तिला गोड चालतं का? शुगर आहे ना तिला?
की तिच्या बहिणीला होती?
मला माहीत नाही.
पावणेदहा वर्षं रोज सकाळी
मी पेपर वर करून तिला पुसायला जागा देत होतो,
एवढंच मला माहीत आहे.

मशीनवर आता दुसरंच काहीतरी पेटलंय.
मिठाचं आहे बहुतेक.
थांब, पुस्तकात बघतो.