पावणेचौदा फेरे

नऊ बटणं आणि एक फिरकी.
एवढंच करायचं होतं.
तेच ते तीन बोटांचे आदेश
दिवसाला दोन-तीन हजार वेळा देऊन
करंगळी झोपेतही वाकायला लागली होती.

अ‍ॅक्रिलिक मोईझच्या नंबरप्लेटच्या दुकानातलं, उरलेलं,
खालच्या अंगाला अजून पुसटसं एमएच चोवीस.
चौदा मिलिमीटरचे नऊ चौकोन कापून दिले त्यानं,
पैसे घेतले नाहीत, विचारलं फक्त,
"ताई, हे नेमकं काय करायलीस?"
कॅल्क्युलेटर, म्हणलं.
त्याला पटलं नाही. मलाही.

डायोड तांदळाएवढा.
काळी रेघ कुठल्या बाजूला, ते भिंग धरून बघायचं.
सातव्या बटणाचा माझा उलटा बसला
आणि सातवं बटण मुकं.
रात्री दोनला, वरच्या खोल्यांत पोरं
सेंद्रिय रसायन घोकत असताना
मी तो वितळवून काढला, फुंकला, पुन्हा लावला.
राळेचा वास ओढणीला तीन दिवस.

फिरकी मात्र विकतची नको होती.
डाळमिलचे शाफ्ट घडवणारे बसलिंगप्पा
पितळेचा तुकडा लेथला लावून म्हणाले, "खाचा किती?"
सोळा.
"सोळाच का?"
गोलाईला रस्ते सोळा आहेत ना, मामा.
ते हसले नाहीत.
मशीन चालू केलं, पिवळा कीस उडाला,
आणि मला बाबांची स्कूटर आठवली:
चुकलेला रस्ता गोलाईत पुन्हा यायचा,
फक्त आणखी एक चक्कर मारायची.

आतला एन्कोडर निघाला वीस टकांचा.
सोळा खाचा, वीस टक. बोटाला रोज कळतं.
आणि जोडला तोही उलटा,
उजवीकडं फिरवलं की वेळ मागं जायचा.
एक आकडा बदलायचा होता नुसता.
दोन दिवस तसाच राहू दिला.

माझं काम: हंचाटे सरांच्या तासांतली शांतता कापणं.
खोकला, खडू शोधणं, फळा पुसणं,
"अं"च्या आधीचा श्वास, सगळं जातं.
पोरं दुप्पट वेगानं बघतात, त्यांना थांबायला वेळ नाही.
मलाही नव्हता, ओळीनं दोन वर्षं.
सीट हुकली ती हुकलीच.

काल एक जुना तास आला.
प्रवर्तनाचा नियम. शेवटच्या बाकावरून एक पोरगी,
सर्दीनं बसलेला आवाज:
"सर, पण तिथं ऋण चिन्हच का?"

तो आवाज ओळखायला मला तीन टक लागले.

मग अकरा सेकंद काहीच नाही. पंख्याची घरघर.
मग सर: "पुढच्या तासाला बघू."
पुढच्या तासाला कुणीच बघितलं नाही.
ऑफिसचा निरोप: प्रश्न आणि गॅप, दोन्ही काढ.

अकरा सेकंद म्हणजे दोनशे पंच्याहत्तर चौकटी,
वीस टकांचा एक फेरा,
म्हणजे पावणेचौदा फेरे.
मी एकेक टक करत गेले.
इतकी वर्षं वाटायचं, सर वैतागले होते.
नव्हते.
सहाव्या फेऱ्यात ओठ हलतात.
नवव्यात हात वर जातो.
दहाव्यात खडू फळ्याला टेकतो,
एक पांढरं टिंब, लिहायची सुरुवात,
मग नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं
आणि हात खाली.

टिंब फळ्यावर तसंच.
तास संपेपर्यंत त्याच्या आजूबाजूला गणितं.

आठ बटणांना कामं दिलीत. काप, जोड, मागं घे, बाकीची तसलीच.
नववं अजून रिकामं आहे,
त्याच्यावरची टोपीसुद्धा कोरी.
अंगठा कापायच्या बटणावर आहे,
दोन बोटं पितळेवर,
पितळ आता अंगाइतकं गरम.

एक टक मागं. टिंब नाही.
एक टक पुढं. आहे.

खाली सहाच्या बॅचच्या सायकली लागायल्यात.