चार कमी

जेल रोडला, घरामागे,
पिंपळगावच्या द्राक्षबागेतली टाकाऊ तार ताणून
आम्ही तोंडलीला मांडव केला.
काडी दिली देवळालीच्या सुलभावन्संनी,
ओल्या फडक्यात गुंडाळून, बोटभर.
"बी नका लावू," म्हणाल्या, "नर निघाला
तर नुसती पांढरी फुलं बघत बसाल."

हे प्रेसमधून रिटायर झालेले.
एकतीस वर्षं नोटा मोजल्या,
रोज गेटवर झडती देऊन घरी आले.
आता सकाळी पान पान उचलून
तोंडली मोजतात.
अंगठा अजून जिभेला लावतात आधी.

काल त्रेचाळीस.
आज एकोणचाळीस.
चहावर साय धरते,
हे पुन्हा पहिल्या खांबापासून.

खारूताई असेल, म्हणते मी.

तोंडली खाल्ली की बुद्धी मंद होते,
सासूबाई सांगायच्या, आणि
भाजीतली सगळी माझ्याच ताटात वाढायच्या.

पण कच्ची, नुकती तोडलेली,
मोरीपाशी उभ्यानं,
मीठसुद्धा न लावता
कधी खाल्ली नव्हती.

हे तारेखाली वाकलेत.
मी पदराला हात पुसते.
बोटांना हिरवा वास.