माफ करणारं लोखंड

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये
एकवीस वर्षं मी सळया तोडते.
म्हणजे यंत्र तोडतं, मी आकडा लिहिते:
किती भार सोसला, किती लांबली,
तुटण्याआधी किती वेळ सांगत राहिली.
लोखंड मला कळतं, असा माझा समज होता.

म्हणून छावणीतल्या एका रिटायर्ड कर्नलचा संच
बघताक्षणी घेतला.
ठोकून घडवलेली आयर्न, तीनपासून नऊपर्यंत,
सुरीसारखी बारीक, बुडाला जेमतेम बोटभर.
उन्हात धरली की त्यात माझा चेहरा दिसे,
जरा लांबट, जरा हुशार.

मुनव्वरभाईंनी पिशवी खांद्याला लावली,
सात नंबर उपसला,
नखानं एक टिचकी मारली
आणि म्हणाले, "अभी नक्को, मॅडम."

मला राग आला.
पंचेचाळिसाव्या वर्षी काही शिकायला निघालेल्या बाईला
नको हा शब्द घरूनच बांधून दिलेला असतो.

पहिल्या रविवारी पातं काळ्या मातीत असं रुतलं
की बघणाऱ्याला वाटावं, हरभरा पेरतेय.
दुसऱ्या रविवारी चेंडू टाचेला लागून बाभळीत गेला
आणि मनगटापासून कोपरापर्यंत
झिणझिण्या चढल्या त्या उतरेनात.
सोमवारी रजिस्टरात माझे चार
नवासारखे दिसत होते.
चूक तसूभर, शिक्षा हातभर.

तिसऱ्या रविवारी मुनव्वरभाईंनी शेडमधून
दुसराच संच आणला.
ओतीव, जाड बुडाचा, पाठीला खोलगट,
परातीच्या खानदानातला.
दोन काठ्या भलत्याच कंपनीच्या,
एकीच्या मुठीला सायकलची ट्यूब.
वजन सगळं कडेला नेलंय, त्यांनी समजावलं,
मधोमध नाही लागला तरी चालतं.
"माफ करता है ये."

माफ.
लॅबमध्ये आम्ही याला वेगळं नाव देतो.
ताण आला की जी सळई आधी वाकते,
आतल्या माणसांना उंबरा ओलांडू देते,
तिला पास करायचं.
मी उमरग्याची. त्र्याण्णव साली बारा वर्षांची होते.
पहाटे चारच्या त्या दगडांबद्दल मी बोलत नाही,
फक्त आकडा लिहिण्याआधी
दोनदा बघते.
आणि स्वतःच्या हातात मात्र
मला तेच हवं होतं, जे काहीच सोडून देत नाही.

जाड सात नंबरनं पहिला फटका
वाईटच बसला.
पण चेंडू उठला.
लिंबाच्या शेंड्याला घासत, वाकडा जात,
शंभरेक यार्डांवर धुळीत पडला,
माझी थोडी लाज राखून.

त्या बारीक संचाचं काय करू, विचारलं.
गाडीत राहू द्या, म्हणाले.
मग हातातला टॉवेल उगाच पिळत, दुसरीकडे बघत:
सोमवारी कॅडी लोकांना मैदान मोकळं असतं.

तेव्हापासून तो संच सोमवारी त्यांच्याकडे असतो.
रविवारी परत मिळतो, पुसलेला,
खोबरेल तेलाचा वास येणारा.
एकदा सात नंबर मी लॅबमध्ये नेला,
भिंगाखाली धरला.
झीज सगळी एकाच जागी,
रुपयाच्या नाण्याएवढ्या वर्तुळात.
बाहेर स्वच्छ, जसा काही वापरलाच नाही.
मुनव्वरभाईंचा हँडिकॅप
कुठल्याच फळ्यावर लिहिलेला नाही.

माझ्या जाड सात नंबरला मात्र
कांजिण्या उठल्यात: टाचेला, टोकाला,
एक तर काठीच्या गळ्याशी.
काल मोजले, मधल्या वर्तुळात
तीन डाग आले होते.
धावतच दाखवायला गेले.
त्यांनी चष्मा शर्टाला पुसला,
पातं उन्हाकडे वळवलं, बराच वेळ पाहिलं.

"दोइच," म्हणाले.
"तीसरा कंकर का है।"