चौथी नळी

इस्लामपूरच्या मंडईतून पालकाच्या दोन जुड्या,
बर्फ रसवंतीवाल्याकडून.
प्रयोगाला हवाय म्हटल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत,
एवढंच विचारलं, पानांना ताप आलाय का?

ताप नाही. पण हरितलवकं गारव्यातच धड सुटी होतात.
गार खलबत्ता, साखरेचं पाणी, चार पदरी मलमल,
आणि हाती लागतं ते दिसायला
चटणीच्या भांड्याचं विसळवणी.

चार नळ्या. तीन कामाच्या, एक अशीच जादा.
चारहींत निळा रंग.
बल्ब लावला की आतल्या आत पाणी फुटतं,
त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन निळ्याला गिळत जातात.
पहिली पाच मिनिटांत हिरवी. वहीत लिहिलं.

दुसरीत डाययुरॉन, एक थेंब.
उसाच्या लागणीनंतर आमच्याकडे मारतात, तेच.
ते जाळत नाही, पोळत नाही,
नुसतं जाऊन बसतं एका खुर्चीवर
जिथं दुसऱ्या कुणाची पाळी होती.
उजेड येत राहतो, येत राहतो.
निळं तसंच.

तिसरीतलं कॅल्शियम मी आधीच काढून घेतलेलं.
पाणी फुटेना.
मग कॅल्शियम क्लोराइडचे दोन थेंब टाकले,
तेव्हा कुठं निळं ओसरू लागलं, सगळं नाही, बरंचसं.

इलाही मुलाणी मागे उभे होते.
सव्वीस वर्षं या प्रयोगशाळेत, कागदावर अजून तात्पुरते.
खिशातली डबी वाजवत म्हणाले,
"म्हंजे चुनाच की ह्यो."
त्याच घरातला, मामा.
"मग बराबर हाय. पानाला चुना लागतोयच."

चौथी वहीत नव्हती.
डाययुरॉन घातलं, त्यावर कॅल्शियम,
दोन थेंब, चार, पुढे मोजले नाहीत.
मामांनी न सांगता बल्ब जवळ सरकवला.
मला माहीत होतं खरं तर:
कॅल्शियमचं काम पाण्याच्या टोकाला,
अडलंय ते पलीकडे, खुर्चीपाशी.
तरी आम्ही दोघं बघत राहिलो
साडेपाचची घंटा होईपर्यंत.

तीन नळ्या त्यांनी धुतल्या.
चौथी खिडकीत ठेवली, "राहू द्या रातभर."

सकाळी हिरवं सगळं तळाला बसलेलं,
वर निळं, नितळ.
"लिवलं का?" त्यांनी विचारलं.
लिहिलं, मामा.
बदल नाही.