ताटकळत

दार क्रमांक सत्तावीस.
सूतगोदाम ते विणकाम.
दोन झडपा, पोलादी, पोटात दगडी लोकर ठासलेली.
अग्निरोध : एकशेवीस मिनिटं.

मालकांनी पेन्सिलीनं खोडून साठ केलंय.
मी पुन्हा एकशेवीस लिहिते.
शाईनं.

गाझियान्तेपच्या या गालिच्यांच्या कारखान्यात
सूत म्हणजे पॉलिप्रॉपिलीन,
मऊ, झगझगीत,
पेटायला नुसतं निमित्त हवं.
आठ मीटर उंच थप्प्या.
वरच्या मजल्यावर पासष्ट बाया गालिच्यांच्या कडा शिवतात,
त्यांतल्या फेरिदेचा डावा गुडघा वाकत नाही.
जिना उतरायला तिला किती वेळ लागतो
हे मी एकदा तिच्यामागून चालत घड्याळ लावून मोजलं.
ती वळून म्हणाली,
"या वयात कोण गं माझ्या मागावर?"

साठ पुरतील, असं नकाशा सांगतो.
नकाशाचा गुडघा दुखत नाही.

नेजदेत बेंच्या हाताखाली मी हे काम शिकले.
ते म्हणायचे, आग अडत नाही, पोरी.
तिला दारात ताटकळत ठेवायचं, बस्स.
या म्हणायचं नाही, बसा म्हणायचं नाही,
नको असलेल्या पाहुण्याला कळतं तसं
तिला कळू द्यायचं
की घरात कुणी नाही.
तेवढ्यात घरातल्यांनी मागच्या जिन्यानं निघायचं.

भट्टीवर चाचणी पाहिली आहे मी.
शंभराव्या मिनिटाला दार
रडून सुजलेल्या चेहऱ्यासारखं दिसतं.
कडेची पट्टी काळा फेस होऊन फुलते, फट बुजवते.
फट तीन मिलिमीटर.
पाच ठेवलीत तर ती हात लांबवते
आणि पोचत नाही.
अलीकडे एक माणूस फटीपाशी कापूस धरून उभा.
कापूस पेटला की दार नापास.
त्या दिवशी पांढराच राहिला.
त्या माणसानं तो खिशात टाकला आणि जेवायला गेला.

मालकांचा पुतण्या म्हणाला,
दार हेच घेऊ, बिजागऱ्या तेवढ्या स्वस्तातल्या बघू.
मी म्हटलं, बघा.
मग दार दोन तास उभं राहील,
फक्त चौकटीत नाही.

शेवटी बसलं दार. एकशेवीसचंच.
मार्चमध्ये बघायला गेले,
तर सत्तावीस सताड उघडं,
खाली सुताचं बॉबिन अडकवलेलं,
लाल सूत, डाळिंबी लाल.
फोर्कलिफ्टवरून शेहमुस म्हणाला,
"ताई, दर चार मिनिटांनी आत-बाहेर.
एक हात चाकावर, एक दांड्यावर.
दार ढकलायला तिसरा कुठून आणू?"

कलमाचा क्रमांक जिभेवर होता.
गिळला.

एकशेवीस मिनिटं मोजली होती मी,
फेरिदेचा जिना मोजला होता,
या माणसाचे हात मोजायचे राहिले होते.

परत येऊन तक्त्यात एक ओळ वाढवली :
*दार उघडंच राहील असं धरून चालावं.*
भिंतीवर चुंबक, झडपेला धरून ठेवणारा.
दोन्ही अंगांना धुराचा वास घेणारी डबी.
वास आला की चुंबक हात सोडतो,
आधी एक झडप, तिच्यावर दुसरी,
कुणाला न विचारता, शेहमुसलाही नाही.
वाटेत बॉबिन नको, एवढंच.
आणि त्याची आता गरजही नाही.

हा खर्च मूळ अंदाजात नव्हता.
पेन्सिल पुन्हा निघाली असणार.

मालकांच्या केबिनबाहेर बसले आहे.
आत कुणाशी तरी हसण्याचा आवाज.
चहा कुणी विचारलेला नाही.
मांडीवर तक्ता, सहीचा रकाना कोरा.
भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन.

असू दे.
पावणेपाचपर्यंत तर मी सहज टिकेन.