डाव्या खांद्याखाली

आधी कोट ओट्यावर पसरते.
सेलूत सकाळी साडेआठनंतरचं ऊन खोटं बोलतं,
गडद निळ्याला राखाडी करून टाकतं,
म्हणून फोटो त्याआधी, नाहीतर निंबाच्या सावलीत,
शेजारी पांढरा रुमाल ठेवून,
बघणाऱ्याला रंगाचा अदमास यावा म्हणून.
टेप ताणायची नाही.
काखेपासून काखेपर्यंत साडेएकोणीस.
वीस लिहिलं तर कुणी मरत नाही,
पण अर्धा इंच श्वास कुणाचा तरी अडकतो
लग्नाच्या पंगतीत.

मग शब्द.
'नव्यासारखा' खोडला.
हा कोट अकरा हिवाळे फळ्याशी उभा होता,
उजव्या बाहीच्या शिवणीत अजून खडूची पूड आहे,
तीनदा झटकली, तीनदा निघाली.
लिहिलं: अकरा हिवाळे वापरलेला.
लिहिलं: डांबरगोळ्यांचा वास येतो,
दोन दिवस दोरीवर टाकल्यास कमी होतो, जात नाही.
लिहिलं: चौथं बटण वेगळं आहे. जवळून कळतं.

इथवर हबीबमियाँ गप्प होते,
सुईत दोरा ओवत, चष्मा कपाळावर.
मग मी लिहिलं:
डाव्या खांद्याखाली, कसरीनं खाल्लेल्या जागी, रफू आहे.

"कामून लिहायलीस ते?"
सुई थांबली.
"तुला दिसायलाय का?"
नाही दिसत.
"मग लोकाला कामून दाखवायलीस?
बेचाळीस वर्षं झाली, माझा रफू कुणी पाहिला नाही.
दिसला तर त्याला ठिगळ म्हणतेत."

मला उत्तर सुचलं नाही,
आजही नीट सुचत नाही.
एवढंच म्हटलं, चाचा,
पैसे देणारा कोटाला हात न लावता देणार आहे.
त्याची बोटं म्हणजे आपणच.

खरी पंचाईत फोटोची.
चार काढले. चारीत नुसतं निळं कापड.
फोनची नजर त्या जागी ठरेचना,
घसरायची, पुढे जायची.
शेवटी हबीबमियाँनीच कोट खिडकीशी धरला,
अंगठा फिरवला,
त्यांनाही दोनदा फिरवावा लागला,
आणि पत्र्याच्या डब्यातून ज्वारीचा एक दाणा काढून
बरोबर तिथं ठेवला.
"घे. दाण्याखाली."

लिलाव पाच दिवसांचा, पहिली बोली तीनशे एक.
एकानं विचारलं, दाणा सोबत मिळणार का.
एकानं विचारलं, किती खाल्लं होतं.
लिहिलं, तुरीच्या डाळीएवढं, दोन जागी.
त्यानं पुढं बोली लावली नाही.
सहाशे चाळीसला कोट उदगीरला गेला,
कुणी मन्मथ बिराजदार.
आठशे तर यायलाच हवे होते.
शे-दीडशे त्या दाण्यानं खाल्ले,
कसरीपेक्षा जास्त.
हे मी हबीबमियाँना सांगितलं नाही,
त्यांनीही विचारलं नाही.

नवव्या दिवशी अभिप्राय आला.
पाचापैकी चार तारे.
माप बरोबर. वास सांगितला तेवढाच.
बटण वेगळं, मान्य.
एक तारा कमी, कारण
वर्णनात सांगितलेला रफू वस्तूत आढळला नाही.

वाचून दाखवलं.
"परत वाच."
परत वाचलं.
ते रस्त्याकडे बघत होते,
तिथं उसाच्या ट्रॅक्टरशिवाय काही नव्हतं.
"चार?"
चार.
"बराबर दिले," म्हणाले,
आणि पुढचं कापड मांडीवर ओढलं.

उत्तर द्यायची सोय असते.
मी लिहून ठेवलंय: खिडकीशी धरा, अंगठा दोनदा फिरवा.
पाठवलेलं नाही.

आता पिस्ता रंगाची साडी.
रुमाल ठेवला, ऊन यायच्या आत.
पदरावर हळदीचा डाग, हातभर आत.
लिहिते: आहे.
हा दिसतो.