नऊ मार्चचं पान

केझायाच्या सामानातून माझ्या वाट्याला आला
रबरी बुटांचा एक जोड, मला न होणारा,
आणि रोज एक पान वाचायचं ते पुस्तक.
कव्हरवर मेंढपाळ. खांद्यावरच्या कोकराला
चहाचा डाग.

आमचा अबोला अकरा वर्षांचा.
कारण सांगायची लाज वाटते:
आईचा बिडाचा तवा.
तो माझ्याकडे आहे.

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला जानेवारीत
खाडी गोठते, मासळीचा कारखाना बंद,
माणूस वाचत बसतो, दुसरं काय करणार?
श्रद्धेनं म्हणाल तर नाही.
समासातल्या पेन्सिलीसाठी वाचलं मी,
वाऱ्यानं कललेल्या कुंपणासारख्या
तिच्या अक्षरासाठी.

पुस्तक म्हणतं, लहानसहान गोष्टींचेही आभार माना.
केझाया: 'पाइप फुटला. निदान दिवसा फुटला.'
पुस्तक म्हणतं, पेलेल तेवढंच ओझं मिळतं प्रत्येकाला.
केझाया: 'लिहिणाऱ्यानं एकदा एल्ड्रेडला
अंघोळ घालून दाखवावी.'
खाली, बोथट झालेल्या टोकानं,
बहुतेक पुढच्या वर्षी कधीतरी:
'आज घालताना हसला.'

क्षमेच्या पानावर तिनं काही लिहिलेलं नाही.
फक्त एक ठिपका.
पेन्सिल टेकवून ती बसून राहिली असणार,
इतका वेळ, की तो पुढच्या तीन पानांत उतरलाय.
अंधारातही बोटाला लागतो.
मी पाहिलंय.

आणि मग नऊ मार्च. पान फाडलेलं.
शिवणीला अर्धीमुर्धी अक्षरं,
काट्याला राहून गेलेल्या मासासारखी.
पाळक गुशू म्हणाले, चूल पेटवायला घेतलं असेल.
असेल.
सकाळभर मी त्या फटीकडे बघत बसले,
जणू एवढ्या पानांतलं नेमकं तेच
माझ्यासाठी छापलं होतं.

दुपारी तवा काढला.
डुकराच्या चरबीत पिठाचे गोळे चपटे करून तळले,
आई करायची तसे, कडा जरा करपवून.
वर काकवी ओतली.
टॉवेलात गुंडाळून, तवा तसाच गरम,
गुडघाभर बर्फातून टेकडी चढले.
जड होता. वय होतं माझंही.
दोनदा वाटलं, परत फिरावं.
दोनदाच, असं आता म्हणते.

एल्ड्रेडला हल्ली स्वतःचं नाव आठवावं लागतं.
त्यानं तव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग माझ्या मागच्या उघड्या दाराकडे,
आणखी कुणी आत येणार असल्यासारखं.
'मिटलं वाटतं तुमचं?' म्हणाला.

मी म्हटलं, हो.
मिटलं.
आणि दार लोटून घेतलं, बर्फ आत येत होता.

खोटं बोलण्याबद्दलही त्या पुस्तकात
एखादं पान असेलच.
सप्टेंबरात वगैरे.
तिथं तिनं काय लिहिलंय,
ते मी आधीच उघडून बघणार नाही.
तवा तिथंच ठेवून आले.